घरच्या प्रवाळटाकीत रोग पसरू लागल्यास आधी काय करावे?

निळीखाडी (न्यू जर्सी)

नमस्कार. आमच्याकडे साधारण ३५० लिटरची प्रवाळटाकी आहे. खालच्या भागात टॉर्च, हॅमर आणि फ्रॉगस्पॉन ही लांब टेंटॅकलची प्रवाळे आहेत, तर वरच्या खडकावर ॲक्रोपोरा व माँटिपोराचे काही फ्रॅग (मोठ्या वसाहतीतून तोडून लावलेले तुकडे) लावलेले आहेत. टाकी जुनी आणि स्थिरावलेली आहे. एखादा फ्रॅग दगावण्यापलीकडे आजवर काही घडले नव्हते, परंतु या आठवड्यात दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या आहेत.

पहिली गोष्ट टॉर्चची. नव्याने आणलेल्या वसाहतीचे एक हेड (स्वतंत्र तोंड असलेला एक भाग) दिवसभर मिटून राहिले आणि दुसऱ्या सकाळी त्यावर तपकिरी, चिकट, जेलीसारखा थर दिसला. पंपाच्या प्रवाहात त्या थराचे तंतू शेजारच्या हॅमरपर्यंत लोंबत होते. ड्रॉपरने थोडा थर ओढून बाहेर काढला तेव्हा त्याला कुजका वास येत होता आणि त्याखाली फक्त सांगाडा उरला होता. दुसरी गोष्ट अशी की, वर असलेल्या ॲक्रोपोराची एक वसाहत बुडापासून पांढरी होत चालली आहे. तिच्यावर जेली नाही आणि वासही नाही.

चाचण्यांचे आकडे असे : तापमान २६.८ अंश सेल्सिअस, क्षारांश (मिठाचे प्रमाण) ३५, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०६. क्षारता (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण) एरवी ८.२ डीकेएच या एककाच्या आसपास असते, ती आता ९.६ झाली आहे, वास्तविक ते कार्बोनेट रोज ठरावीक मात्रेत घालणाऱ्या डोसिंग पंपाची मात्रा बदललेली नाही. जिथून टॉर्च घेतला त्या दुकानात विचारले असता संपूर्ण टाकीत प्रतिजैविक टाकण्याचा सल्ला मिळाला. हा एकच रोग आहे का, आणि तो सल्ला मानावा का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

वालुका (सिंगापूर)

निळीखाडी, आपण वर्णन केलेला पहिला प्रकार ब्राउन जेलीचा आहे, याविषयी मला शंका वाटत नाही. दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र आत्ताच निदान करू नये, आणि दोन्ही एकाच वेळी दिसले म्हणून ते एकाच कारणाने झाले असावेत असेही धरून चालू नये. ॲक्रोपोराचे नंतर पाहू. जेली थांबत नाही, त्यामुळे टॉर्चचे काम आजच करावे लागेल.

टाकीतील सर्व पंप आणि पॉवरहेड (पाण्याला प्रवाह देणारे छोटे पंप) प्रथम बंद करावेत. पुष्कळ लोक घाईघाईने प्रवाळ उचलतात आणि पृष्ठभागापर्यंत येईतो अर्धी जेली टाकीभर पसरलेली असते. पाणी शांत झाल्यावर बारीक नळीने तो थर सायफन करून सरळ बादलीत घ्यावा, त्यानंतरच वसाहत एखाद्या भांड्यात पाण्यासकट ठेवून बाहेर काढावी. तुमचा टॉर्च फांद्यांचा असेल, म्हणजे प्रत्येक हेडला स्वतंत्र दांडा असेल, तर बाधित हेड कापून टाकता येते. मांसल भाग जिथे संपतो त्याच्या बोटभर खाली हाडे कापायच्या कटरने सांगाडा तोडावा. भिंतीसारख्या सलग वाढणाऱ्या हॅमरला असे कापता येत नाही, कारण त्याची ऊती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असते. तेथे करवतीने निरोगी भागातूनच छेद द्यावा लागतो आणि यश कमी मिळते.

उरलेल्या हेडना आयोडीनच्या डिपमध्ये (बुडवून ठेवायच्या द्रावणात), बाटलीवर दिलेल्या मात्रेने आणि दिलेल्या वेळेपुरतेच ठेवावे. त्यानंतर ती मूळ टाकीत परत न ठेवता वेगळ्या भांड्यात ठेवावीत. वीस लिटरचे साधे प्लास्टिकचे भांडे, एक हीटर, एक लहान पंप आणि रोज बदललेले ताजे खारे पाणी एवढे पुरते. हॅमरवर तंतू पडले असल्यामुळे तो मिटलेला नसला तरी त्यालाही याच भांड्याशेजारी, पण वेगळ्या पाण्यात ठेवावे.

क्षारतेचा आकडा आपण दिला हे फार बरे झाले. प्रवाळे सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियम आणि कार्बोनेट वापरतात, त्यामुळे काही प्रवाळे आजारी पडली की खप घटतो, डोसिंग पंप मात्र पूर्वीइतकेच ओतत राहतो. क्षारता वाढते आणि जी प्रवाळे अजून धडधाकट आहेत त्यांच्यावरही ताण येतो. एकाला लागण झाली आणि मग बाकीची भराभर गेली, असे सांगितले जाते त्यातील काही प्रसंगांत संसर्गापेक्षा हाच चढता आकडा कारणीभूत असावा असे माझे मत आहे. पंपाची मात्रा आजच कमी करावी आणि क्षारता हळूहळू खाली येऊ द्यावी; ॲसिड टाकून ती एकदम उतरवू नये.

मीठमोजणी (लेस्टर)

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे जेलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते.

त्या तपकिरी थराचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, शंभरपट मोठा करून पाहावा. त्यात असंख्य लांबट एकपेशीय जीव वेगाने पोहताना दिसतील. हे सिलिएट गटातील असतात. अनेकांच्या पोटात सोनेरी-तपकिरी गोल कण भरलेले दिसतात, ते म्हणजे प्रवाळाच्या ऊतीत राहणारे सहजीवी शैवाल. जेलीचा रंग मुख्यतः या गिळलेल्या आणि मोकळ्या झालेल्या शैवालाचा असतो.

हे दृश्य पाहून सिलिएटच खरे गुन्हेगार आहेत असे कोणालाही वाटेल, आणि छंदातील बरीच औषधे याच समजुतीवर विकली जातात. मात्र कॅरिबियनमधील ॲक्रोपोरा सर्व्हिकॉर्निस या प्रवाळाच्या व्हाइट बँड रोगावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. बाधित तुकड्यांवर चार वेगवेगळी प्रतिजैविके वापरून पाहण्यात आली. ॲम्पिसिलिन आणि पॅरोमोमायसिन यांनी रोग पूर्णपणे थांबला. मेट्रोनिडॅझोल दिल्यावर फिलास्टर ल्युसिंडा हा ऊती खाणारा सिलिएट तपासणीत सापडेनासा झाला, तरीही रोग पुढे सरकतच राहिला. याचा अर्थ, निदान त्या रोगात तरी, सुरुवात जिवाणूंनी केली आणि सिलिएट मागून जेवायला आले. ब्राउन जेलीत हेच घडते असे यावरून सिद्ध होत नाही, पण केवळ सिलिएट मारणाऱ्या औषधावर विसंबू नये एवढे नक्की म्हणता येईल.

तापमानाविषयीही एक सूचना करते. प्रवाळांना बाधणाऱ्या जिवाणूंपैकी सर्वाधिक अभ्यास झालेला व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस हा उबदार पाण्यात अधिक आक्रमक होतो. माशांच्या काही रोगांत तापमान वाढवण्याची पद्धत आहे, ती येथे उलटी पडेल. २६.८ वरून २५ पर्यंत, दोन-तीन दिवसांत सावकाश उतरल्यास हरकत नाही.

दर्यावर्दी (दुबई)

वरील माहिती चांगली आहे, परंतु दुकानदाराचा सल्ला एकदम मोडीत काढू नये असे मला वाटते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक संपूर्ण टाकीत वापरून युफिलिया (टॉर्च, हॅमर या गटातील प्रवाळे) वाचवल्याचे अनुभव अनेकांनी लिहिले आहेत. फ्लोरिडाच्या समुद्रात तर शास्त्रज्ञ स्वतः पाणबुडे होऊन प्रवाळांना ॲमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक लावत आहेत. समुद्रात चालते, मग टाकीत का चालू नये?

वालुका (सिंगापूर)

दर्यावर्दी, फ्लोरिडाचे उदाहरण आपण आणलेत, पण ते नीट पाहिले तर आपल्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते.

तेथील रोगाला स्टोनी कोरल टिश्यू लॉस डिसीज असे नाव आहे. तो २०१४ मध्ये मायामीजवळच्या व्हर्जिनिया की बेटालगत प्रथम दिसला आणि पुढे फ्लोरिडाची जवळजवळ संपूर्ण प्रवाळरांग ओलांडून कॅरिबियनमध्ये पसरला. वीसहून अधिक जातींच्या कठीण प्रवाळांना तो होतो. तेथे ॲमॉक्सिसिलिन पाण्यात सोडत नाहीत. ते औषध खास तयार केलेल्या एका घट्ट मलमात मिसळतात आणि पाणबुडे ते जखमेच्या कडेवर, जिवंत ऊती आणि उघडा सांगाडा यांच्या सीमारेषेवर, बोटाने दाबून भरतात. औषध हळूहळू झिरपावे आणि शक्य तितके जागेवरच राहावे हाच त्या मलमाचा हेतू आहे. एवढे करूनही उपचार केलेली जखम थांबते, पण त्याच वसाहतीवर दुसरीकडे नवी जखम उमटू शकते, म्हणून पुन्हा पुन्हा जाऊन पाहावे लागते. याच अडचणीमुळे प्रतिजैविकाला पर्याय शोधणे सुरू आहे. स्मिथसोनियनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एका निरोगी प्रवाळावरून मिळालेल्या स्यूडोअल्टेरोमोनास जिवाणूचा उपयोग रोग रोखण्यासाठी होऊ शकतो, असे दाखवले.

आता घरची टाकी पाहा. येथे संपूर्ण पाण्यात औषध गेले तर खडकांतील व वाळूतील जे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, त्यांनाही झळ बसू शकते. प्रवाळांच्या चिकट स्रावात राहणारे उपयुक्त जिवाणू मरतात ते वेगळेच. एका टॉर्चसाठी मासे, गोगलगायी आणि उरलेली सर्व प्रवाळे औषधात बुडवणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. प्रतिजैविक वापरायचेच असेल तर ते वेगळ्या भांड्यात, फक्त बाधित प्रवाळाला द्यावे, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन प्रकाशात विघटित होत असल्याने उपचारापुरते भांडे अंधारात ठेवावे.

मीठमोजणी (लेस्टर)

वालुका यांच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. ब्रिटनमध्ये प्रतिजैविके पशुवैद्यांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि अमेरिकेत मत्स्यालयासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांना तेथील अन्न व औषध प्रशासनाची मान्यता नाही, हेही निळीखाडी यांनी ध्यानात घ्यावे. औषध घातलेले पाणी शेवटी सांडपाण्यात जाते आणि प्रतिरोधक जिवाणू टाकीपुरते राहत नाहीत. ज्यांनी अनुभव लिहिले ते खोटे लिहितात असे मी म्हणत नाही. पण ज्यांची टाकी औषधानंतर कोसळली ते फारसे लिहायला येत नाहीत.

निळीखाडी (न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. टॉर्चची दोन हेड कापली, तीन उरली आहेत आणि ती वेगळ्या भांड्यात थोडी थोडी उघडत आहेत. हॅमर फांद्यांचा असल्यामुळे त्याला कापण्याची वेळ आलेली नाही. डोसिंग कमी केल्यावर क्षारता ८.९ पर्यंत उतरली आहे. टाकीत सक्रिय कार्बन नव्याने घातला आहे.

ॲक्रोपोराचा पांढरा भाग आज वरच्या बाजूला थोडा आणखी सरकला. तो पांढरा भाग नेमका काय आहे, म्हणजे रंग गेला आहे की ऊतीच गेली आहे, हे कसे ओळखावे?

वालुका (सिंगापूर)

हा प्रश्न योग्य आहे, आणि औषधाची बाटली उघडण्यापूर्वी तोच विचारायला हवा. ज्याला आपण विरंजन म्हणतो त्यात सहजीवी शैवाल निघून जाते, ऊती मात्र जागेवर असते. भिंगातून पाहिल्यास पांढऱ्या पृष्ठभागावर पारदर्शक पातळ आवरण आणि आखडलेले पॉलिप दिसतात. असे प्रवाळ जिवंत असते. प्रकाश कमी केला, तापमान आटोक्यात आणले आणि पाण्यात थोडे पोषण राहू दिले तर ते परत रंग धरू शकते. ऊतीच गळून पडली असेल तर सांगाड्यावरील खाचा, पॉलिपच्या पेल्यांच्या धारदार कडा अगदी स्वच्छ दिसतात आणि काही दिवसांत त्यावर हिरवट शैवाल चढते. तो भाग परत येत नाही.

ऊती गळण्याचा वेग पाहणेही गरजेचे आहे. काही तासांत संपूर्ण वसाहत सोलून निघाली तर ती छंदातील लोक आरटीएन म्हणतात ती जलद गळती. तेथे वरच्या निरोगी टोकांचे फ्रॅग तोडून वेगळे ठेवण्याखेरीज हाती काही नसते. आठवडा-पंधरा दिवस हळूहळू बुडापासून वर सरकणारी गळती बहुधा क्षारतेतील चढउतार, बुडाशी पोहोचत नसलेला प्रवाह किंवा सावली यांमुळे होते. तिसरी शक्यता चपट्या कृमींची. रात्री दिवे गेल्यावर किंवा पहाटे बॅटरीच्या उजेडात फांद्यांच्या खालच्या बाजूला बारीक, गोल, फिकट ठिपके दिसतात का ते पाहावे, आणि मेलेल्या पांढऱ्या बुडाशी, विशेषतः मागच्या अंगाला, सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके आहेत का ते शोधावे.

निळीखाडी (न्यू जर्सी)

अंडी सापडली. बुडाच्या मागच्या बाजूला, खडकाला चिकटवलेल्या गोंदाच्या कडेने, मधाच्या रंगाच्या बारीक ठिपक्यांची दाट रांग आहे. ड्रॉपरने फांद्यांवर जोरात पाणी मारले तेव्हा नखाच्या तुकड्याएवढे, जवळजवळ पारदर्शक असे दोन कृमी सुटून पडले. हाताच्या तळव्यावर घेईपर्यंत ते दिसतच नव्हते.

वालुका (सिंगापूर)

म्हणजे वरच्या मजल्यावर रोग नसून परजीवी आहेत, आणि दुकानातील प्रतिजैविकाने त्यांचे काहीही बिघडले नसते.

हा कृमी प्रोस्थिओस्टोमम ॲक्रोपोरी. तो केवळ ॲक्रोपोरा खातो, त्यामुळे माँटिपोराची चिंता नको. डिपने प्रौढ कृमी सुटून पडतात, अंडी मात्र सुरक्षित राहतात. म्हणून सर्व ॲक्रोपोरा, बाधित दिसत नसलेल्यासुद्धा, खडकावरून काढाव्यात, मेलेले बूड आणि जुना प्लग (फ्रॅग चिकटवायची छोटी बैठक) तोडून फेकावा, उरलेला भाग नव्या प्लगवर लावून वेगळ्या टाकीत ठेवावा आणि अंडी फुटून बाहेर पडणाऱ्या पिल्लांना गाठण्यासाठी डिप दर आठवड्याला, किमान दीड-दोन महिने, करत राहावे. तेवढ्या काळात मुख्य टाकीत एकही ॲक्रोपोरा नसल्यास तेथील उरलेले कृमी उपाशी मरतात. एखादा फ्रॅग खडकाच्या मागे विसरला तर सर्व श्रम वाया जातात.

ॲक्रोपोरावर रेड बग नावाचे सूक्ष्म पिवळसर जीव असल्यास त्यांचा उपाय वेगळा आहे. त्यावर कुत्र्यांच्या हार्टवर्मवरील मिल्बेमायसिनचे औषध वापरले जाते आणि ते झिंगे व खेकडेही मारते, म्हणून भिंगातून खात्री झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

खारफुटी (ठाणे)

चर्चा वाचतो आहे. कापलेली हेड, जेलीचे पाणी आणि डिपचे पाणी यांची विल्हेवाट कशी लावावी, हे कोणी लिहिले नाही, म्हणून विचारतो. आमच्याकडे सोसायटीचे सांडपाणी शेवटी खाडीतच जाते.

येथील वाचकांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. भारतात सर्व कठीण प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणला स्नॉर्कलिंग करताना सापडलेला तुटका तुकडा पिशवीत घालून आणणे हाही गुन्हाच आहे, आणि 'बाहेरून मागवलेले आहे' असे तोंडी सांगणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दावर कोणी विसंबू नये. धाग्याचा विषय तो नाही, म्हणून एवढेच.

मीठमोजणी (लेस्टर)

खारफुटी, उत्तम प्रश्न. टाकीतील काहीही जिवंत समुद्रात, खाडीत किंवा ओढ्यात सोडू नये. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर मत्स्यालय व्यापारातून पोहोचलेल्या युनोमिया स्टोलोनिफेरा या मऊ प्रवाळाने तेथील स्थानिक प्रवाळांवर अक्षरशः गालिचा अंथरला आहे. रोगजंतूंचे असे स्थलांतर डोळ्यांना दिसतही नाही.

बाधित पाण्यात घरगुती ब्लीच घालून ते रात्रभर उघड्या, हवेशीर जागी ठेवावे आणि मग शौचालयात ओतावे. पंप साफ करायला वापरलेले व्हिनेगर त्याच बादलीत चुकूनही ओतू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. कापलेले तुकडे ब्लीचमधून काढून कचऱ्यात टाकावेत. नळी, कटर, जाळी ही साधनेही ब्लीचमधून धुऊन, पूर्ण वाळवून मगच मूळ टाकीत वापरावीत. आजारी प्रवाळांच्या भांड्याला स्वतःचा वेगळा ड्रॉपर असला तर उत्तमच.

कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. हातावर जखम असेल तर मायकोबॅक्टेरियम मरायनमसारख्या जिवाणूंचा संसर्ग महिनोन्महिने चिघळतो. ज्या खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (प्रवाळांच्या नात्यातील मऊ जीव) आहेत तो निर्जंतुक करण्यासाठी कधीही उकळू नये. त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर हवेत गेल्याने घरातील सगळी माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

दर्यावर्दी (दुबई)

मलमाचा मुद्दा मला पटला. पाण्यात औषध सोडणे आणि जखमेवर औषध लावणे यांतील फरक मी लक्षात घेतला नव्हता. निळीखाडी, टॉर्चची तीन हेड कशी आहेत?

निळीखाडी (न्यू जर्सी)

दोन पूर्ण उघडतात. तिसरे अर्धवट उघडते आणि त्याच्या कडेला ऊती किंचित मागे सरली आहे, पण जेली नाही. हॅमर पूर्ववत आहे. ॲक्रोपोरांचे नवे प्लग वेगळ्या टाकीत गेले आहेत. टॉर्च आणि हॅमर मूळ टाकीत कधी न्यावेत?

वालुका (सिंगापूर)

दिवस मोजण्यापेक्षा लक्षणे पाहावीत. मागे सरलेली कड जागच्या जागी थांबलेली हवी आणि सांगाड्याच्या काठावर ऊती फुगून बसलेली हवी. प्रवाळाने अन्न घेतले पाहिजे; मायसिस कोळंबीचा एक तुकडा टेंटॅकलवर ठेवल्यावर ते त्याभोवती आवळतात का ते पाहावे. अशा स्थितीत निदान तीन-चार आठवडे सलग गेले की हॅमर आधी न्यावा. त्यालाही काही झाले नाही, तरच टॉर्च. तिसऱ्या हेडची कड पुन्हा सरकू लागली तर वाट न पाहता ते उरलेल्या दोघांपासून कापून वेगळे करावे. परत ठेवताना टॉर्च आणि हॅमर यांच्यात वीतभर अंतर ठेवावे आणि प्रवाह टॉर्चवरून हॅमरकडे जाणार नाही अशा बेताने पॉवरहेडचे तोंड फिरवावे. क्षारता पुन्हा ८.२ वर स्थिर झाल्यावर आणि प्रवाळे उघडू लागल्यावर खप वाढेल, तेव्हा डोसिंगची मात्रा चाचणी पाहूनच, थोडी थोडी वर न्यावी.